निवडीची वर्दी

शाळा सोडल्याचा दाखला हाती पडला की पुढील प्रवेशासाठी, शिष्यवृत्तीसाठी वा परीक्षेसाठी जे अर्ज करावयाचे असतात, ते आता कागदावर क्वचितच लिहावे लागतात. संगणकाच्या किंवा मोबाईलच्या पडद्यावर रकाने उमटतात व ते तेथेच भरावयाचे असतात. त्यांपैकी काही रकान्यांत आपण अक्षरे लिहितो. परंतु राज्य, जिल्हा, तहसील, गाव, विषय असे कित्येक रकाने आपणांस लिहू देत नाहीत. त्यांच्या उजव्या कडेस खालच्या दिशेचा एक लहानसा बाण असतो. तो दाबला की नावांची यादी उघडते आणि तिच्यातील एक नाव पसंत केले की ती पुन्हा मिटते. हिला ड्रॉपडाउन यादी असे म्हणतात. या लेखापुरते आपण तिला नुसते 'यादी' म्हणू.

यादीसारख्या साध्या वस्तूवर लेख लिहिण्याजोगे काय आहे, अशी शंका कोणासही येईल. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. राज्याच्या यादीत 'मध्य प्रदेश' निवडले की शेजारच्या रकान्यात मध्य प्रदेशातील जिल्हे येतात. जिल्हा निवडला की त्याच्या तहसिली येतात. तहसील निवडली की गावे येतात. एका यादीतील निवड दुसऱ्या यादीस कळते कशी? कोणीतरी ती वार्ता पोहोचवीत असले पाहिजे. ती केव्हा पोहोचवावी याविषयी वेबपाने दाखविणाऱ्या निरनिराळ्या साधनांत, म्हणजे ब्राउझरांत, अनेक वर्षे एकमत नव्हते. या मतभेदाचा उपद्रव यादीच्या रचनाकारापेक्षा सावरगावसारख्या गावातून अर्ज भरणाऱ्या मुलास अधिक होतो. म्हणून हा विषय आपण थोडा खोलात जाऊन पाहू.

प्रथम या व्यवहारातील पात्रे ओळखून घेऊ. वेबपान लिहिणारा तो प्रोग्रामर. तो एचटीएमएल या भाषेत 'सिलेक्ट' या खुणेने यादी मांडतो आणि तिच्या पोटात 'ऑप्शन' या खुणेने एकेक नाव ठेवतो. त्याचे काम येथे संपते. यादीचे चित्र पडद्यावर तो काढीत नाही. ते क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज यांपैकी जो ब्राउझर आपण वापरीत असू तो काढतो. म्हणूनच तीच यादी संगणकावर एका तऱ्हेने उघडते, तर मोबाईलवर सगळा पडदा व्यापून दुसऱ्याच तऱ्हेने उघडते. यादी उघडी असताना आत काय चालले आहे हे प्रोग्रामरला दिसत नाही. तो ब्राउझरला एवढेच सांगून ठेवतो की, हिच्यात बदल झाला म्हणजे मला कळव. ब्राउझरकडून येणाऱ्या या सूचनेस इंग्रजीत 'इव्हेंट' असे नाव आहे. शब्दशः मराठी करावयाचे तर 'घटना' म्हणावे लागेल. पण घटना तर कोणी पाहो वा न पाहो घडतच असते. येथे प्रश्न तिची खबर कोणी व केव्हा द्यावी हा आहे. गावात काही घडले की कोतवाल चौकीवर वर्दी देतो. तोच शब्द आम्हांस येथे योग्य वाटतो. यादीतील बदलाची जी वर्दी, तिचे ब्राउझरच्या भाषेतील नाव 'चेंज'.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. निवड झाली असे केव्हा म्हणावे?

कापडाच्या दुकानाचे उदाहरण घ्या. गिऱ्हाईक गादीवर बसले आहे आणि दुकानदार एकेक लुगडे उलगडून दाखवीत आहे. गिऱ्हाईकाचा हात एकावर पडतो, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. एखादा उतावळा दुकानदार हात लागेल त्या प्रत्येक लुगड्याची पावती फाडील. दुसरा शांत स्वभावाचा दुकानदार गिऱ्हाईक गादीवरून उठून जाईपर्यंत पेनही उचलणार नाही. उठताना हातात जे असेल त्याची पावती करील. दोघांचाही आपापल्या परीने हिशेब बरोबरच आहे. पण ज्या मुनिमाला पावत्या पाहून माल बांधावयाचा आहे, त्याला आज कोणता दुकानदार गादीवर आहे हे ठाऊक नसेल तर त्याची तारांबळ उडणारच.

माऊसने यादी उघडून एका नावावर टिचकी मारली, तर ब्राउझरांत मतभेद होण्याचे फारसे कारण राहत नाही. टिचकी ही एकच ठाम क्रिया आहे. पण यादी न उघडता, तिच्यावर असताना कीबोर्डवरील खालचा बाण दाबला तर? विंडोजवर चालणाऱ्या संगणकांत यादी मिटलेलीच राहते आणि तिच्यातील नाव एकेक पायरीने पुढे सरकते. येथे प्रत्येक पायरी ही निवड मानावी की केवळ पाहणी मानावी, हाच वादाचा मुद्दा होय.

या वादाला इतिहास आहे. १९९५ मध्ये नेटस्केप या कंपनीत ब्रेंडन आइक याने जावास्क्रिप्ट ही भाषा रचली. वेबपानाला वर्दी ऐकून काही कृती करता येऊ लागली ती हिच्यामुळे. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने आपल्या इंटरनेट एक्सप्लोररच्या तिसऱ्या आवृत्तीत 'जेस्क्रिप्ट' या नावाने तिचा जोडीदार आणला. दोन्ही कंपन्यांत तीव्र स्पर्धा होती. आधी नियम ठरवावा व मग वस्तू करावी, एवढा दम कोणास होता? पुढे वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने १९९९ च्या डिसेंबरात एचटीएमएलची ४.०१ ही आवृत्ती प्रमाण म्हणून प्रसिद्ध केली. तिच्यात 'चेंज'ची व्याख्या अशी होती की, रकान्यावर येताना जे मूल्य होते ते बदललेले असेल, तर रकाना सोडून जाताना ही वर्दी द्यावी. अक्षरे लिहिण्याच्या रकान्याला ही व्याख्या शोभते. यादीला ती तितकीशी शोभत नाही. कारण नाव निवडून झाल्यावरही मनुष्य त्या यादीवरच काही वेळ असू शकतो आणि तोवर पुढच्या यादीत काहीच येणार नाही.

इंटरनेट एक्सप्लोररने व्यवहार पाहिला. बाणाच्या प्रत्येक दाबासरशी तो वर्दी देई. फायरफॉक्सने ग्रंथप्रामाण्य मानले. बाण कितीही दाबा. एंटर दाबेपर्यंत किंवा टॅब दाबून पुढच्या रकान्यात जाईपर्यंत तो मौन पाळी. आमच्या मते नियमाचे अक्षर फायरफॉक्सच्या बाजूने होते आणि सोय एक्सप्लोररच्या बाजूने. पुढे आलेल्या क्रोमने विंडोजवर एक्सप्लोररचीच रीत उचलली. अखेर फायरफॉक्सनेही ऑक्टोबर २०१८ मध्ये निघालेल्या ६३ व्या आवृत्तीत आपला हट्ट सोडला व प्रत्येक पायरीला वर्दी देण्यास आरंभ केला. दरम्यान २०१४ मध्ये प्रमाण ठरलेल्या एचटीएमएल ५ ने नियमही बदलला होता. मनुष्याने यादीतील निवड बदलली की 'इनपुट' व लगोलग 'चेंज' अशा दोन वर्द्या द्याव्यात, असे त्यात सांगितले आहे.

म्हणजे मतभेद मिटला. पण अडचण मिटली असे नव्हे, कारण एकमत झाले ते उतावळ्या दुकानदाराच्या रीतीवर. याचा परिणाम काय होतो ते आपल्याच जिल्ह्याच्या उदाहरणाने पाहू.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा व सौसर हा भाग छिंदवाडा जिल्ह्यातून अलग होऊन पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. त्याच महिन्यात मैहर आणि त्यापूर्वी थोडेच दिवस मऊगंज असे आणखी दोन जिल्हे झाले व मध्य प्रदेशातील जिल्ह्यांची संख्या ५५ झाली. इंग्रजी वर्णानुक्रमाने ही नावे लावली तर आगर माळवा पहिला येतो व पांढुर्णा ३६ वा. यादीच्या माथ्यावर 'जिल्हा निवडा' अशी रिकामी ओळ आहे असे धरू. एखाद्या मुलाने विंडोजवर खालचा बाण दाबत दाबत पांढुर्णा गाठला, तर त्याने ३६ वेळा बाण दाबला आणि ब्राउझरने ३६ वर्द्या दिल्या. त्यांतील ३५ वर्द्या ज्या जिल्ह्यांशी त्याचा काडीचाही संबंध नाही अशा जिल्ह्यांच्या होत्या. प्रत्येक वर्दी ऐकून वेबपान दूरच्या सर्व्हरकडे मागणी धाडते की, या जिल्ह्याच्या तहसिली पाठव. छत्तीस मागण्या गेल्या. छत्तीस उत्तरे यावयाची.

खरा घोटाळा येथे होतो. एकामागून एक टाकलेली पत्रे त्याच क्रमाने घरी पोहोचतील अशी खात्री नसते. तीच गोष्ट या उत्तरांची. समजा, पांढुर्ण्याचे उत्तर आधी आले आणि वाटेतल्या नरसिंहपूरचे उत्तर मागाहून आले. वेबपान बिचारे जे शेवटी आले ते खरे मानते. पडद्यावर जिल्हा दिसतो पांढुर्णा आणि तहसिलीच्या यादीत नावे दिसतात गाडरवारा व करेली! जाणता विद्यार्थी हे पाहून थबकेल व यादी पुन्हा निवडील. पण अर्ज भरून देणाऱ्या दुकानात, अखेरच्या तारखेच्या गर्दीत, कोणी घाईने समोर असेल ते नाव दाबून पुढे गेला, तर अर्ज जातो तो चुकीच्या तहसिलीचा. तो पडताळणीत अडकतो आणि मुलाला कळते तेव्हा मुदत उलटून गेलेली असते. शेतमजुराच्या घरच्या मुलीची शिष्यवृत्ती अशी अडकली तर तिने दोष कोणाला द्यावा?

कोणी म्हणेल, छत्तीस वेळा बाण कोण दाबतो? खरे आहे. सराईत माणूस नावाचे पहिले अक्षर दाबतो. पण त्यातही गंमत आहे. आपला भाग छिंदवाड्यात होता तेव्हा इंग्रजी यादीत 'सी' हे अक्षर एकदा दाबले की छतरपूर येई व पुन्हा दाबले की छिंदवाडा येई. म्हणजे दोन वर्द्या, दोन मागण्या, आणि उत्तरे उलटसुलट आली तर छिंदवाड्याखाली बिजावर व राजनगर. आता आपण 'पी' दाबतो. २०२३ पूर्वीच्या यादीत 'पी'चा एकच जिल्हा होता, तो पन्ना. आता पहिल्या दाबाला पांढुर्णा येतो व दुसऱ्या दाबाला पन्ना. बोट एकदा अधिक पडले की सातपुड्यातून आपण थेट बुंदेलखंडात!

प्रोग्रामरने वेबपान पारखले नव्हते काय, असे आपण विचारू. पारखले असते; पण बहुधा माऊसने पारखले असते व आपल्या कचेरीतील वेगवान जोडणीवर पारखले असते. माऊसच्या एका टिचकीला एकच वर्दी येते, म्हणून दोष कधी वर येतच नाही. जो २०१८ पूर्वी फायरफॉक्सवर कीबोर्डने पारखीत होता, त्यालाही तो दिसला नसता. कारण तेथे टॅब दाबल्यावर एकच वर्दी येई. पारखणाऱ्याला न दिसणारा आणि वापरणाऱ्याला मात्र छळणारा असा हा दोष आहे.

उपाय फारसा अवघड नाही. प्रत्येक मागणीला एक चढता क्रमांक द्यावा. उत्तर आले की त्यावरील क्रमांक आपल्या शेवटच्या मागणीचाच आहे ना, हे पाहावे. नसल्यास ते उत्तर निमूटपणे टाकून द्यावे. आजच्या ब्राउझरांत आधीची मागणी रद्द करण्याचीही सोय आहे, ती वापरावी. शिवाय वर्दी येताच धावू नये. पाव सेकंद थांबावे. तेवढ्यात दुसरी वर्दी आली तर पहिली सोडून द्यावी व पुन्हा पाव सेकंद मोजावा. बाण भराभर दाबणाऱ्याच्या छत्तीस वर्द्यांतून अशा रीतीने बहुधा एकच मागणी बाहेर पडते. गावच्या मंद जोडणीवरचा भार हलका होतो तो वेगळाच. आणि जिल्हा बदलल्याक्षणी तहसील व गाव या दोन्ही याद्या रिकाम्या करून कुलूपबंद ठेवाव्यात. योग्य उत्तर आल्याखेरीज त्या उघडू नयेत. या शेवटच्या गोष्टीकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. जुनी नावे तशीच राहिलेली यादी ही रिकाम्या यादीपेक्षा अधिक घातक, कारण तिच्यातून निवड करता येते.

येथवर आपण नको तितक्या वर्द्यांचा विचार केला. याच्या उलट, वर्दी हवी असता ती मुळीच येत नाही, असेही प्रसंग आहेत.

वेबपान उघडतानाच राज्याच्या रकान्यात 'मध्य प्रदेश' आधीच घातलेले असेल, तर विद्यार्थी त्याला हात लावणार नाही. बदल झाला नाही, म्हणून वर्दी नाही. वर्दी नाही, म्हणून जिल्ह्यांची यादी रिकामी. मग तो गोंधळून दुसरेच राज्य निवडतो व पुन्हा मध्य प्रदेशावर येतो, तेव्हा कोठे जिल्हे दिसतात. असलेलेच नाव पुन्हा निवडले तर वर्दी येत नाही, हा नियम सर्व ब्राउझर पाळतात. यास्तव यादीची पहिली ओळ खऱ्या नावाची नसावी, रिकामी असावी. माथ्यावर आगर माळवा आधीच निवडलेला असला, तर त्या जिल्ह्याच्या मुलाला आपली निवड कळविण्याचा मार्गच राहत नाही.

तसेच, प्रोग्रामरने स्वतः जावास्क्रिप्टच्या साहाय्याने यादीचे मूल्य बदलले, तर ब्राउझर वर्दी देत नाही. हे योग्यच म्हणावे लागेल. ज्याने केले त्याला ते ठाऊकच असते. पण पिनकोडवरून जिल्हा आपोआप भरणारी सोय केली आणि पुढची तहसील-यादी मात्र वर्दीवर विसंबून ठेवली, तर ती जन्मभर वाट पाहील. मागे जाऊन परत आल्यावरही असाच प्रकार घडतो. फायरफॉक्स पान ताजे केले तरी आधी भरलेली निवड जपून ठेवतो. अन्य ब्राउझरही पाठीमागचे बटण दाबले असता पुष्कळदा पूर्वीची निवड परत आणतात. निवड दिसते, वर्दी मात्र झालेली नसते. म्हणून तहसिली आणण्याचे काम एका वेगळ्या कृतीत लिहून ठेवावे व ती कृती वर्दी आल्यावर तर करावीच, पण पान उघडताना व पान परत पुढे येताना एकेकदा आपण होऊनही करावी. ही कृती कोणी बोलावले याची चौकशी करीत बसत नाही. यादीत आत्ता काय आहे ते पाहते व त्याप्रमाणे वागते. आमच्या मते या साऱ्या विषयाचे मर्म येथेच आहे. वर्दी ही 'जाऊन पाहा' एवढे सांगण्यापुरती. सत्य यादीपाशी जाऊनच पाहिले पाहिजे.

काही जण वर्दीची ही पंचाईत टाळण्यासाठी यादीतील प्रत्येक नावावर माऊसची टिचकी ऐकू पाहतात. तो मार्ग घेऊ नये. फायरफॉक्समध्ये तो एकेकाळी चाले, पण इंटरनेट एक्सप्लोरर व क्रोम हे उघडलेल्या यादीतील नावावरच्या टिचकीची खबर वेबपानाला देत नसत. आणि कीबोर्डने निवडणाऱ्याची तर टिचकीच नसते. 'इनपुट' ही वर्दी यादीच्या बाबतीत इंटरनेट एक्सप्लोररने दिली नाही. जुने संगणक ध्यानात घेता 'चेंज' हीच सर्वांत भरवशाची.

जुन्या संगणकांचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. इंटरनेट एक्सप्लोररच्या आठव्या आवृत्तीपर्यंत वर्दी ऐकण्याची नोंद करण्याची पद्धतच निराळी होती आणि 'चेंज'ची वर्दी यादीपाशीच विरून जाई. ती वेढणाऱ्या अर्जापर्यंत वर चढत नसे. इतर ब्राउझरांत मात्र ती पाण्यातील बुडबुड्याप्रमाणे वर येते, त्यामुळे दहा याद्यांसाठी अर्जापाशी एकच पहारेकरी बसविला तरी भागते. हे वैगुण्य झाकण्यासाठी जॉन रेसिग याने २००६ मध्ये आरंभिलेल्या जेक्वेरी या साधनसंग्रहाने जानेवारी २०१० च्या १.४ या आवृत्तीत अशी वर्दी एक्सप्लोररमध्ये कृत्रिमपणे वर चढविण्याची युक्ती केली. २०११ मध्ये नववा एक्सप्लोरर आला, त्याने सर्वांचीच पद्धत स्वीकारली. आणि १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने एक्सप्लोररचा पाठिंबाच काढून घेतला. आज नव्याने शिकणाऱ्याने त्या युक्त्या पाठ करण्याचे कारण नाही.

वर्दी मिळाली, यादीही पाहिली. आता तिच्यातील काय वाचावे? तीन गोष्टी वाचता येतात. डोळ्यांना दिसणारे नाव, यादीतील त्याचा अनुक्रम, आणि प्रोग्रामरने त्या नावामागे ठेवलेले मूल्य. नावावर विसंबू नये. हिंदी याद्यांत 'सौंसर' लिहितात, आपण 'सौसर' लिहितो. होशंगाबादचे २०२२ मध्ये नर्मदापुरम् झाले. सावरगाव म्हणाल तर शेजारच्या नागपूर जिल्ह्यातील नरखेड तालुक्यातही एक सावरगाव आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला व छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, तेव्हापासून ही दोन सावरगावे दोन राज्यांत आहेत. एकाच्या अर्जात 'तहसील' असा रकाना येतो व दुसऱ्याच्या अर्जात 'तालुका' असा. गावाचे नाव मात्र तेच.

अनुक्रमावर तर मुळीच विसंबू नये. २०२३ च्या आरंभी, जिल्हे ५२ असताना, इंग्रजी वर्णानुक्रमात पन्ना ३४ वा होता. मऊगंज, मैहर व पांढुर्णा ही नावे मध्ये शिरल्यावर तो ३७ वा झाला आणि ३४ व्या जागी नीमच आला. एखाद्या कचेरीने विद्यार्थ्याचा जिल्हा '३४' असा अनुक्रमाने साठविला असेल, तर नवी यादी लावताच पन्न्याची सगळी मुले नीमचची झाली! म्हणून प्रत्येक नावामागे न बदलणारा संकेतांक मूल्य म्हणून ठेवावा व तोच वाचावा. जनगणनेत राज्यांना असे संकेतांक दिलेले आहेत. मध्य प्रदेशाचा २३ व महाराष्ट्राचा २७. खेडीही संकेतांकाने ओळखता येतात. दोन सावरगावांतील भेद डोळ्यांना दिसत नाही, संकेतांकाला तो कळतो.

आता अशा वाचकाचा विचार करू, ज्याला पडदाच दिसत नाही. अंध विद्यार्थी पडदा वाचून दाखविणाऱ्या प्रोग्रामच्या साहाय्याने, केवळ कीबोर्डवर अर्ज भरतो. यादीत काय काय आहे हे कळावयाचे तर त्याला बाण दाबूनच एकेक नाव ऐकावे लागते. काही वेबपानांवर वर्दी येताच पान बदलून टाकण्याची रीत असते. यादीतील नाव निवडले की लागलीच दुसरे पान उघडते. डोळसाला ही सोय वाटते. अंधाने मात्र पहिला बाण दाबताच पहिल्याच नावाचे पान उघडते आणि दुसरे नाव त्याला कधी ऐकूच येत नाही. डिसेंबर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वेबसुलभतेच्या दुसऱ्या मार्गदर्शिकेत यासाठी स्वतंत्र कलम आहे: रकान्यातील मूल्य बदलले एवढ्यावरून, आधी सूचना दिल्यावाचून, वाचकाला दुसरीकडे नेऊ नये. यादीशेजारी 'पुढे चला' असे एक बटण ठेवले की काम होते. एवढे साधे बटण कित्येक जागी का ठेवले जात नाही, याचे आम्हांस नवल वाटते.

ज्यांना शाळेतील वा घरचा संगणक वापरावयास मिळतो त्यांनी एक प्रयोग करून पाहावा. पाच-सहा नावांची यादी करावी आणि वर्दी येईल तेव्हा तिच्याखाली यादीतील मूल्याची एक ओळ लिहिली जाईल असे करावे. मग माऊसने, बाणाने, पहिल्या अक्षराने, यादी उघडून एस्केप दाबून, असे सर्व प्रकार करून ओळी मोजाव्यात. ॲपलच्या मॅक संगणकावर बाण दाबताच बहुधा यादीच उघडते, म्हणून तेथे ओळी कमी पडतील. मोबाईलवर तर बाणच नाही. अशी तुलना दोन ब्राउझरांत व एका मोबाईलवर करून पाहिली की वरील विवेचन पुन्हा वाचण्याची गरज पडणार नाही.

इतके सारे केले तरी अर्ज पोहोचल्यावर सर्व्हरने स्वतः एकदा पडताळावे की, हे गाव या तहसिलीतले व ही तहसील या जिल्ह्यातली आहे ना. नसल्यास तेथल्या तेथे अर्ज परत करून कारण सांगावे, म्हणजे मुदत शिल्लक असतानाच दुरुस्ती होईल. वाचकाच्या हातचा ब्राउझर कोणता, किती जुना, त्याने वर्दी दिली की नाही, हे सर्व्हरला सांगता येत नाही. संकेतांक जुळतात की नाही हे त्याला निश्चित सांगता येते.

एक बारीक गोष्ट राहिली. अर्जाच्या तळाशी पुष्कळदा 'पुसून टाका' असे बटण असते. ते दाबले की सगळ्या याद्या मूळच्या नावावर परत जातात, पण त्यांची 'चेंज' वर्दी येत नाही; येते ती संपूर्ण अर्जाची 'रीसेट' ही एकच वर्दी, आणि तीही याद्या मूळ जागी जाण्याच्या आधी. म्हणून ती ऐकताच याद्या वाचू नयेत. क्षणभर जाऊ द्यावा, याद्या जागच्या जागी बसू द्याव्यात, आणि मग ती पूर्वीचीच कृती पुन्हा करून तहसील व गाव यांच्या याद्या रिकाम्या कराव्यात.